कागदात नसलेली अट

लखमाबाबांबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल दोन वाईट शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल. मी सरकारी घरकुलांवर देखरेख करणारा कंत्राटी अभियंता होतो. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण डहाणू रोडच्या क्वार्टरमध्ये गेलं. डोंगर आम्ही गॅलरीतून बघायचो. नोकरी लागली आणि तलासरीकडच्या डोंगरातले चार-पाच पाडे माझ्या नावावर आले. त्यातल्या सगळ्यात वरच्या पाड्यावर लखमाबाबा राहायचे. पाड्याचं नाव लिहीत नाही, आणि त्याचं कारण लाज, दुसरं काही नाही. बाबा जाऊन आता दोन पावसाळे झाले.

पहिल्यांदा वर चढलो तेव्हा मी नुसता धापा टाकत होतो. गाडी खाली शाळेपाशी ठेवायची आणि पाऊण तास पायवाट चढायची. वर एक म्हातारा पायरीवर बसून विळ्याने बांबूच्या काड्या तासत होता. अर्धी चड्डी, बाह्यांची बटणं नीट लावलेला पांढरा सदरा, पायांत काही नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सायब, आधी पाणी घ्या. दोनदा थांबलं तुमी. चिंचेखाली, आन् कातळावर."

म्हणजे पायरीवर येऊन बसण्याआधी घरातून मला खालपासून बघत होते. त्या घराला खिडकी नव्हती. नंतर मी आत गेलो तेव्हा कळलं, कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपलेला तो कूड, त्यात पुढच्या बाजूला डोळ्याच्या उंचीवर लिंपण मुद्दाम विरळ ठेवलेलं होतं. आतून सगळी पायवाट दिसायची, बाहेरून आतलं काही दिसायचं नाही. मी विचारलं, "बाबा, खिडकी का नाही ठेवली?" तर म्हणाले, "बाहेर काय हाय ता मना ठाव हाय."

ते घर त्यांच्या आज्याच्या बापाने बांधलेलं. डोंगराचा उतार कुठेही तोडलेला नव्हता. मागची बाजू कातळाला टेकलेली आणि पुढची बाजू दगडी जोत्यावर, म्हणून पुढून चार पायऱ्या होत्या आणि मागून एकही नव्हती. ऐनाचे आणि खैराचे खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर फांदीचा नैसर्गिक बेचका राखलेला, आणि त्या बेचक्यात तुळई नुसती ठेवलेली. अख्ख्या घरात खिळा नाही, वेलींची आणि बांबूच्या पट्ट्यांची बांधणी. छप्पर ओटीवर इतकं खाली उतरलेलं की वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. मी पहिल्याच दिवशी डोकं आपटून घेतलं. बाबा हसले नाहीत, पण त्यांची सून मंजुळा चुलीपाशी तोंड फिरवून हसली.

फॉर्म भरायला घेतला. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन कशाची, सगळीकडे खुणा करून शेवटी चौकटीत 'कच्चे' लिहिलं. बाबा शेजारी उभे.

"काय लिवला?"

"कच्चं घर."

"म्हंजे?"

"म्हणजे टिकाऊ नाही, बाबा."

त्यांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अगदी अदबीने विचारलं, "अजून किती टिकला म्हंजे टिकाऊ?"

हा किस्सा मी ऑफिसात आठवडाभर रंगवून सांगितला. सगळे हसायचे आणि मीही हसायचो. काय सांगू, तेव्हा मला तो म्हातारा गमतीदार वाटला होता.

बाबांचा धंदा असा काही नव्हता. शेती होती तेवढी होती. पण आसपासच्या पाड्यांत कुणाचं घर उभं करायचं असलं की त्यांना बोलावणं यायचं. मजुरी नाही, जेवण. सगळा पाडा राबायचा आणि बाबा फक्त फिरायचे. माप हाताने आणि वितीने घ्यायचे. कोणत्याही खांबापाशी गेले की बोटांची पेरं वाजवून कान लावायचे, दारावर टकटक करून कुणी 'ओ' देतंय का बघावं तसे. लाकूड तोडायचं ते अंधाऱ्या पंधरवड्यातच, म्हणजे भुंगा लागत नाही. मधली मेढ, म्हणजे घराचा मधला मुख्य खांब, उभी करायच्या आधी खड्ड्यात तांदूळ आणि हळद टाकायचे आणि मग सगळ्यांना सांगायचे, आता कुणी मोठ्याने बोलू नका. कुणी घाई केली की म्हणायचे, "घराला घाई सांगायची नाय. घर मग तुमाला घाई सांगतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हणताना मान वाकडी करून आढ्याकडे बघायची सवय होती.

एकदा मी शहाणपणा दाखवायला गेलो. पिशवीत माझा ओळंबा होता. त्यांच्या पुढच्या खांबांना लावून पाहिला तर सगळेच दोन-दोन बोटं कलंडलेले. मी म्हटलं, "बाबा, हे बघा. घर झुकलंय. एक दिवस कोसळेल." मनातून बराच खूश होतो. एवढं सगळं कौतुक चाललं होतं, शेवटी सापडली ना चूक.

बाबा ओळंब्याकडे कौतुकाने बघत राहिले. हातात घेऊन तोलून पाहिला. मग म्हणाले, "सगळे कठं झुकलं?"

मी पाहिलं. सगळे आतल्या बाजूला, डोंगराकडे झुकले होते.

"पावसाळ्यात डोंगर ढकलतो, सायब. मंग आपण बी थोडा ढकलायचा. माझ्या आज्याने मना दाखवला." आणि ओळंबा परत देताना म्हणाले, "चांगला हाय हा. पण ह्याला पाऊस ठाव नाय."

मी ओळंबा पिशवीत घातला आणि इकडची तिकडची विचारपूस केली. वही काढून हे टिपून घ्यावं असं वाटलंसुद्धा नाही. चार वर्षं अभियांत्रिकी शिकून आलेला माणूस मी, अर्ध्या चड्डीतल्या म्हाताऱ्यासमोर वही कशाला काढेन?

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तीही माझ्याच खात्यातली आहे. बाबा कधीतरी चारोटीला उतरायचे, मीठमिरची आणायला. एकदा मी नाक्यावर हॉटेलात चहा घेत होतो, तर बाबा दिसले. हायवेवरच्या पुलाच्या खांबापाशी उभे राहून बोटांची पेरं वाजवत होते आणि कान लावत होते. ट्रकवाले बघून हसत होते. मी हाक मारायला उठलो, तेवढ्यात आमचे वरचे साहेब गाडीतून उतरले. त्यांनी विचारलं, "कोण रे तो? ओळखीचा आहे?" मी म्हणालो, "आपला एक लाभार्थी आहे, सर. जरा तसाच आहे." बाबा रस्ता ओलांडून आमच्याकडे आले, दोघांना हात जोडले आणि मला म्हणाले, "सायब, ह्याच्या आतून काहीच ऐकाय येत नाय." मी हसून मान डोलावली आणि त्यांना बसा म्हटलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि मिठाची पिशवी उचलून निघून गेले.

आता मुख्य गोष्ट. घरकुल मंजूर झालं. मंजुळा आनंदात होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तिला कडी लागणारं दार हवं होतं, धुऊन निघणारी फरशी हवी होती. नवरा वापीला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. रोज शेण आणून ओटी सारवायची तिलाच. बाबांचाही नव्या घराला विरोध नव्हता. त्यांनी मला घराशेजारचं खळं दाखवलं, भात झोडायची सपाट जागा. म्हणाले, "ह्या खळ्यावर बांधा. सुनेला नवा होईल, मी जुन्यात राहीन."

काहीच अडचण नव्हती. नियमात बसत होतं, जागा त्यांचीच होती. पण मी आधीच्या फेरीत जुन्या घरापाशी उभं राहून जागेचा फोटो काढून चढवून टाकला होता. खळ्यावर बांधायचं म्हणजे नवा फोटो, नवा अर्ज, सही, आणि पुन्हा एकदा हा डोंगर. मार्च जवळ आला होता आणि वरून रोज विचारणा व्हायची, किती झाली, किती झाली. त्यातून त्या संध्याकाळी चिखल्याला माझ्या मेहुणीचा साखरपुडा होता आणि बायकोचे तीन फोन येऊन गेले होते.

मी म्हणालो, "नाही बाबा. जुनं पाडावंच लागतं. त्याशिवाय नवं मिळत नाही. कागदात आहे."

म्हणतात ना, जिभेला हाड नसतं. एवढं एक वाक्य. कागदात असं काही नव्हतं.

बाबा खळ्याच्या कडेला बसले. मग विचारलं, "कागदात हाय?"

"हो."

"मंग काय करणार," असं म्हणून ते उठले आणि त्यांनी मला काकडी कापून दिली. साखरपुड्याला मी वेळेवर पोचलो.

घर त्यांनी स्वतः उतरवलं. पाडलं म्हणवत नाही मला. आधी तीन दिवस चूल थंड ठेवली. चुलीतले निखारे मडक्यात घालून शेजारच्या घरी सांभाळायला दिले, नवीन घरात परत आणायचे म्हणून. चूल थंड केल्याशिवाय घराला हात लावायचा नाही, अशी त्यांच्यात रीत. मग सगळा पाडा न बोलावता आला, घर बांधायला येतो तसाच. ज्या क्रमाने चढवलं असेल त्याच्या उलट क्रमाने सगळं खाली आलं. कौलं, वासे, आढं, तुळया, शेवटी मधली मेढ. प्रत्येक लाकडावर बाबा कोळशाने खूण करत होते, कोणतं कुठे बसतं त्याची. मी कामाच्या प्रगतीचा फोटो काढायला गेलो होतो. म्हटलं, "खुणा कशाला, बाबा?" ते म्हणाले, "माझ्या डोक्यात हाय. पण माझा डोका किती दिवस राहील?" मेढ निघाली तेव्हा ते खड्ड्यात उतरले, तळाची माती चिमटीत घेऊन पाहिली आणि मला हाक मारून दाखवली. इतक्या वर्षांनी ती कोरडी होती. मी म्हटलं, "वा," आणि फोटो काढला.

त्या दिवशीही सांगता आलं असतं. खळ्यावर पुन्हा उभं करा बाबा, कुणी विचारणार नाही. पण मग कालपर्यंत का नाही सांगितलं, हे आलं असतं.

नवं घर झालं. चार भिंती, पत्र्याचं दार, वर स्लॅब. पुढच्या भिंतीवर मंजुळाने हौसेने गुलाबी रंग मागवला. निखारे परत आणले, पण आत चूल पेटवली की धूर जायला वाट नाही, म्हणून चूल बाहेर गेली. बियाणं ठेवायला माळा नाही, म्हणून कणग्या शेजाऱ्यांकडे गेल्या. बाबा आत झोपायचे, पण दिवसभर खळ्यावर लाकडांच्या राशीपाशी बसायचे. ऊन फिरलं की राशीवरचं गवताचं झाकण इकडून तिकडे करायचे.

आणि मग आमच्याकडे ते धरणीकंपाचे दिवस सुरू झाले. डहाणू-तलासरीत ज्यांनी ते काढले त्यांना वेगळं सांगायला नको. आधी जमिनीखालून गुरगुर यायची, मग भांडी वाजायची. लोक घरं सोडून शेतात झोपू लागले, भर थंडीत. शाळा मोकळ्या पटांगणात भरू लागल्या. आम्हाला भेगा तपासायच्या कामाला लावलं. मी पाडेच्या पाडे फिरलो आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. जुनी कुडाची घरं हलायची, करकरायची, एखादं कौल सरकायचं आणि पुन्हा जिथल्या तिथे. आम्ही बांधलेल्या घरांना भेगा पडत होत्या.

लखमाबाबांच्या घरी खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग गेली होती. गुलाबी भिंतीत ती लांबूनच दिसत होती. मंजुळा मुलांना घेऊन बाहेर ताडपत्रीखाली राहत होती. राशीतली लाकडं मात्र दिसेनात. विचारलं तर म्हणाली, "बाबांनी वाटली. सगळ्या पाड्याला मांडव घालाय लाकूड नव्हता." खरंच, अख्ख्या पाड्यात ताडपत्र्यांखाली ते खांब उभे होते, कोळशाच्या खुणांसकट.

बाबा मला भेगेपाशी घेऊन गेले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, शिव्या द्याव्या, असं वाटत होतं मला. त्यांनी भेगेत करंगळी घातली, काढली आणि हळू आवाजात विचारलं, जणू चारचौघांत विचारायची गोष्ट नव्हे.

"सायब, एक इचारू? जुना ठेवला असता तं चालला नसता ना? कागदात तसाच होता ना?"

मी म्हणालो, "हो बाबा. कागदातच होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरा. रातचा मना वाटतां, माझीच काय चूक झाली. आज्याला काय सांगू? आता सांगीन, कागदात होता."

म्हणजे इतके दिवस तो माणूस स्वतःलाच दोष देत होता, आणि माझ्या खोटेपणाने त्याची सुटका झाली. मी भेगेची लांबी-रुंदी लिहून घेतली. माझ्या हाताला कंप सुटला होता, तर बाबा म्हणाले, "भिऊ नका सायब, जमीन हालत नाय आता."

पुढे माझं कंत्राट संपलं. मी एका खासगी बिल्डरकडे लागलो. पगार बरा आहे. पण ते भेगेपाशी बोललेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं कुणी 'कागदात' असा शब्द उच्चारला तरी मी दचकायचो. बायकोला सांगितलं एकदा. ती म्हणाली, "मग जाऊन सांगून टाका की. मारतील का ते तुम्हाला?" मारलं असतं तर बरं होतं.

एका हिवाळ्यात तलासरीला साइट बघायला गेलो होतो. दुपारी काम संपलं आणि एकदाचं ठरवलं, आज सांगायचंच. पाड्यावर गेलो तर मंजुळा म्हणाली, बाबा पलीकडच्या पाड्यावर गेलेत, कामाला. मी पुढे चालत राहिलो. वाटेत वाक्य तयार करत होतो. बाबा, तशी अट नव्हती. मी खोटं बोललो. एवढंच. दोन छोटी वाक्यं होती, पण पाठ होत नव्हती.

पलीकडच्या पाड्यावर तसंच एक जुनं घर होतं, उतारावर बसलेलं, दगडी जोत्याचं. बाबा छपरावर चढलेले. इतक्या वयात आढ्यावर पाय टाकून बसले होते आणि एकेक कौल काढून खाली देत होते. खाली घरची बाई आणि चार-पाच माणसं. ती बाई रडत नव्हती, पण तिचा चेहरा बघवत नव्हता.

मी विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, "घरकुल आलाय. नवा सायब बोलतो पाडाय नको, बाजूला बांधा. पण बाबा बोलतात, त्याला ठाव नाय, कागदात हाय. नाय पाडला तं नवा रद्द होईल. बाबांनी सवताचा पाडला, ते खोटा कशाला बोलतील?"

बाबा वरून बघत होते. त्यांचा चेहरा उजळला. "आला माझा सायब," ते खालच्यांना म्हणाले. "मोठा सायब हाय. ह्यांनीच मना सांगितला. इचारा त्यांना, कागदात हाय का नाय. इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. बाबा कौल हातात धरून थांबले. त्यांच्या डोळ्यांत शंका अशी नव्हतीच. आपला साक्षीदार वेळेवर आला, याचं समाधान होतं.

माझी दोन वाक्यं तयार होती. तोंड उघडलं आणि तिसरंच बाहेर आलं.

"तेव्हा होती," मी म्हणालो. "अट. आता काढून टाकलीय. आता पाडायची गरज नाही."

"काढली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कोणी काढली?"

त्यांनी हातातल्या कौलाकडे पाहिलं, मग हळूहळू मान डोलावली. त्यांनीच माझ्या वतीने उत्तर शोधलं. "ह्यांनीच वर सांगितला असेल. माझा घर गेला ता यांनी बघितला ना. लय वाईट वाटला व्हता सायबांना, हात कापत व्हता." मग त्या बाईला म्हणाले, "पाया पड सायबांच्या. ह्यांनी तुझा घर वाचवला."

त्या बाईने वाकून माझ्या बुटांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. बाबांनी हातातलं कौल पुन्हा त्याच्या जागी बसवलं आणि खाली हात पसरला, पुढचं द्या म्हणून. माणसं काढलेली कौलं परत वर देऊ लागली, आणि बाबा कसलंसं गाणं गुणगुणत एकेक लावत गेले. मला ओटीवर बसवलं. बिनदुधाचा चहा आला. तो मी सगळा प्यायलो आणि कप परत देताना चहा छान झालाय म्हणालो.